समजा जिल्ह्याने आपल्या समूहासाठी एक कोटी काढले, तर पहिला रुपया कुठे जावा?

अबोली | शनिवार, १४ जून २०२५, रात्री १०:१२

मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळणारा प्रश्न मांडते. समजा नाशिकच्या जिल्हा वार्षिक योजनेत एलजीबीटीक्यू समूहासाठी एक कोटी रुपये वेगळे काढले. पहिला रुपया कशावर खर्च व्हावा?

याचं कारण माझ्या घरातलंच आहे. माझी धाकटी बहीण पारलिंगी (ट्रान्सजेंडर) आहे. तीन वर्षांपूर्वी तिला गावच्या घरातून रात्री बाहेर काढलं. अंगावरचे कपडे आणि बारावीचं गुणपत्रक, एवढंच बरोबर. मिळेल त्या एसटीने ती नाशिकच्या सीबीएस स्टँडवर उतरली. मी तेव्हा पुण्यात नोकरीला, आणि तिचा फोन बंद पडलेला. विचारत विचारत एका निवाऱ्यात गेली, तर बायकांच्या खोलीत घेता येणार नाही म्हणाले. पुरुषांच्या खोलीत झोपायचं तिचं धाडस झालं नाही. उजाडेपर्यंत स्टँडच्या बाकावर बसून राहिली. दोनदा हटकलं, एकदा एक माणूस "चल, सोडतो" म्हणत मागे लागला. पहाटे चहाच्या टपरीवाल्या काकांनी फोन चार्ज करून दिला, तेव्हा मला कळलं.

आज ती इथेच नाशिकच्या अंबडला नोकरी करते, माझ्याकडेच राहते. पण ती रात्र आम्ही दोघी विसरलेलो नाही.

म्हणून माझं मत: पहिला रुपया खाटेवर. दहा खाटा, एक स्वयंपाकघर, रात्री दार उघडणारं कुणीतरी. केंद्राच्या योजनेत गरिमा गृह, म्हणजे पारलिंगींसाठीचा निवारा, आहेच, पहिलं २०२० मध्ये वडोदऱ्याला सुरू झालं. पण घरातून हाकललेल्या पोराला वडोदरा किंवा मुंबई गाठायला सांगून चालत नाही. त्याला त्याच रात्री, त्याच गावाजवळ छप्पर लागतं.

तुम्ही काय कराल?

---

सातपूरकर | रात्री १०:३१

नोकरी. हातात पगार आला की खाट आपोआप मिळते.

---

अबोली | रात्री १०:३५

सातपूरकर, पगार महिन्याने होतो. ती रात्र आजची असते.

---

नासर्डी | रात्री ११:०४

अबोलीताई, तुमच्या बहिणीला माझा नमस्कार सांगा.

मी समलिंगी पुरुष. वय ३४, नाशिकमध्येच वाढलो. माझी खंत वेगळी आहे. सरकारी कागदावर आपला समूह म्हणजे फक्त 'तृतीयपंथी'. योजना त्यांच्यासाठी, मंडळ त्यांच्यासाठी, आणि ते हवंच, त्यांचे हाल सगळ्यांत जास्त. पण माझ्यासारख्यासाठी, एखाद्या समलिंगी मुलीसाठी अंदाजपत्रकात एक ओळही नाही.

सतराव्या वर्षी वडील मला एका डॉक्टरांकडे घेऊन गेले. आठ महिने गोळ्या दिल्या, "सवय मोडेल" म्हणून. सवय मोडली नाही. झोप मोडली, अभ्यास मोडला, वडिलांशी बोलणं तुटलं ते सहा वर्षं. वडील वाईट नव्हते हो. ते डॉक्टरांवर विश्वास ठेवून गेले होते.

२०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने असल्या 'उपचारां'विरुद्ध आदेश दिले आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ते व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. पण गल्लीतल्या दवाखान्यापर्यंत ते कोण पोचवणार? राज्याचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्या म्हसरूळला आहे. तिथून राज्यभरच्या वैद्यकीय महाविद्यालयांचा कारभार चालतो. डॉक्टर, नर्स, समुपदेशक यांचं प्रशिक्षण इथूनच सुरू करा. इमारत बांधायची नाही, जमीन घ्यायची नाही. माझा पहिला रुपया तिथे.

---

पंचवटी_एक्सप्रेस | रात्री ११:१०

नासर्डी, +१. "वडील वाईट नव्हते" हे वाचून थांबलो जरा.

---

लासलगावचा_शेतकरी | रविवार, १५ जून, सकाळी ७:२०

राग मानू नका, पण विचारतो. आमचा कांदा कधी दोन रुपयांवर येतो, कधी निर्यातबंदी लागते. आम्हाला बी कोणी एक कोटी काढून ठेवत नाही. सरकारी पैसा मोजकाच. मग मूठभर लोकांसाठी वेगळी तरतूद कशाला? गरीब असेल त्याला गरीब म्हणून द्या.

---

हिशेबनीस | सकाळी ९:४५

लासलगावकर भाऊ, तुमचा प्रश्न रास्त आहे, म्हणून आकडे मांडतो. माझं आयुष्य सरकारी हिशेब तपासण्यात गेलं.

२०११ च्या जनगणनेत लिंग 'इतर' या रकान्यात देशात ४,८७,८०३ माणसं नोंदली गेली, महाराष्ट्रात ४०,८९१. केंद्राची तृतीयपंथीयांसाठीची स्माइल योजना फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाली. २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांसाठी तरतूद ३६५ कोटी, म्हणजे वर्षाला सरासरी ७३ कोटी. याच रकमेत भीक मागणाऱ्यांच्या पुनर्वसनाची दुसरी उपयोजनाही बसवली आहे. तरी क्षणभर धरू की सगळे पैसे तृतीयपंथीयांनाच मिळाले. माणशी वर्षाला साधारण १,५०० रुपये होतात. दिवसाला चार.

लाडक्या बहिणीला महिन्याला १,५०० मिळतात. इथे वर्षाला तेवढेच, आणि तेही कागदावर.

बरं, हा आकडाही कमीच आहे. घरच्यांनी प्रगणकाला 'मुलगा' सांगितलेले, गुरूकडे राहणारे, नोंद झालीच नाही असे कितीतरी. समलिंगी, द्विलिंगी लोकांना तर जनगणनेत रकानाच नाही. मोजलेलंच नसेल तर तरतूद कशाच्या आधारावर मागणार? माझा पहिला रुपया जिल्ह्याच्या नीट पाहणीवर.

---

सिडको_९१ | सकाळी १०:०२

पाहणीला ठाम विरोध. यादी झाली की ती कुणाच्या ना कुणाच्या व्हॉट्सॲपवर जाते. माझं नाव गावात पोचलं तर माझ्या आईला पाणवठ्यावर जाणं अवघड होईल. आधी विश्वास, मग मोजणी.

---

हिशेबनीस | सकाळी १०:४०

सिडको, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. नाव-पत्ता न घेता, समूहातल्याच माणसांनी केलेली पाहणी चालेल का? तरीही धोका वाटत असेल तर माझा मुद्दा मागे घेतो.

---

झुंबर | दुपारी १:१५

मी हे सगळं भाचीकडून वाचून घेतलं, तीच टाइप करतेय. भाची म्हणजे रक्ताची नाही, आमच्या घराण्यातली.

माझं वय ५२. तीस वर्षं मंगती केली, म्हणजे लोकांकडे पैसे मागितले. नाशिकरोडला गाडीत चढायचं, देवळालीपर्यंत, कधी इगतपुरीपर्यंत. टाळी वाजवली की लोक पैसे देतात, पण डोळ्यांत बघत नाहीत. आता गुडघे गेले, गाडीत चढवत नाही.

शेतकरी दादा, तुम्ही म्हणता गरीब असेल त्याला गरीब म्हणून द्या. मी पण तेच म्हणते. संजय गांधी निराधार योजनेत आमचं नाव आहे, महिन्याला १,५०० मिळतात. आता ऐका. रहिवासी दाखला मागितला. घरमालक भाडेकरार देत नाही, "तुम्ही राहा, पण कागद नको" म्हणतो. वर्षाला २१,००० च्या आत उत्पन्न असल्याचा दाखला मागितला. तिथे विचारलं, मंगतीचं उत्पन्न किती? कसं सांगू? वीस रुपयांची पावती कुणी देतं का? आधारवर माझं जुनं नाव, फोटोत मी साडीत. बाईंनी कागद हातात धरला, फोटो पाहिला, मला पाहिलं आणि म्हणाल्या, "ज्याचा अर्ज आहे त्याला पाठवा."

मीच होते ना ती.

चार चकरा मारल्या, पाचव्यांदा गेले नाही. लाज वाटली म्हणून नाही. रिक्षाला जाऊन-येऊन दीडशे लागत होते.

शेवटी आमची एक शिकलेली पोरगी बरोबर आली. ती बारावी पास, कागदपत्रांत हुशार, कुणाला घाबरत नाही. आधी तिने जिल्हाधिकारी देतात त्या तृतीयपंथी ओळख प्रमाणपत्राचा अर्ज पोर्टलवर भरला, मग आधार बदललं, मग बँक, मग दाखले. सात महिने लागले. तिने एक रुपया घेतला नाही, मी तिला एक साडी दिली.

म्हणून मी म्हणते, तुमचा पहिला रुपया त्या पोरीला द्या. तिला पगार द्या. टेबल द्या, खुर्ची द्या, पाटीवर नाव लिहा. आम्ही आपोआप येऊ.

---

अबोली | दुपारी १:३२

झुंबरमावशी, तुमचं तीनदा वाचलं. पाया पडते.

---

कलम_एकवीस | दुपारी ३:०८

मी वकील. झुंबरमावशींच्या मागे कायदा कुठे उभा आहे तेवढं सांगतो.

१५ एप्रिल २०१४ च्या नाल्सा निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आपलं लिंग काय हे ठरवण्याचा हक्क ज्याचा त्याचा. सप्टेंबर २०१८ मध्ये समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमाची टांगती तलवार गेली. २०१९ चा तृतीयपंथीयांच्या हक्कांचा कायदा जानेवारी २०२० पासून लागू झाला. त्यात ओळख प्रमाणपत्र देण्याचं काम जिल्हाधिकाऱ्यांकडे दिलं आणि नियमांत तीस दिवसांची मुदत घातली. महाराष्ट्रात २०२० मध्ये तृतीयपंथी कल्याण मंडळ झालं, २०२४ मध्ये राज्याने तृतीयपंथी धोरण जाहीर केलं. तमिळनाडूत मंडळ २००८ मध्येच आलं होतं. कर्नाटकाने २०२१ मध्ये सरकारी नोकऱ्यांत एक टक्का समांतर आरक्षण दिलं. आपल्याकडे पोलीस भरतीच्या अर्जात वेगळा पर्याय मिळावा म्हणून डिसेंबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं.

निकाल आहेत, कायदा आहे, धोरण आहे. कमी आहे तो त्या कागदापासून झुंबरमावशींच्या हातापर्यंतचा माणूस. धोरण जाहीर करायला पैसे लागत नाहीत, राबवायला लागतात.

नासर्डी, तुमच्यासाठी: समलिंगी विवाहाच्या खटल्यात १७ ऑक्टोबर २०२३ ला पदरी निराशा आली हे खरं. पण त्यानंतर केंद्राने २०२४ मध्ये राज्यांना कळवलं की शिधापत्रिकेसाठी समलिंगी जोडीदार एकाच घरातले धरावेत. संयुक्त बँक खातं काढायला आणि जोडीदाराला त्या खात्यावर नॉमिनी म्हणून नेमायलाही अडकाठी नाही, हे स्पष्ट केलं. याला तिजोरीतून जवळजवळ काहीच लागत नाही.

---

नासर्डी | दुपारी ३:३०

वकीलदादा, मी आणि माझा जोडीदार ते छापील पत्रक घेऊन एका कार्यालयात गेलो होतो. समोरच्या माणसाने शांतपणे वाचलं. चेष्टा केली नाही, हे मुद्दाम सांगतो. म्हणाला, "आमच्याकडे हे आलेलं नाही, संगणकात नातं निवडायला पर्यायच नाही." 'पती', 'पत्नी', 'मुलगा', 'इतर'. आम्ही 'इतर' निवडू का म्हणालो, तर वरिष्ठांना विचारतो म्हणाला. अजून विचारतोय.

---

पंचवटी_एक्सप्रेस | दुपारी ३:४१

अवांतर: पुढची चर्चा समोरासमोर व्हावी असं वाटतं. मिसळ माझ्याकडून. काळी का लाल यावरून मात्र इथे धागा पेटवू नका, समूहात आधीच मतभेद पुष्कळ आहेत!

---

सिडको_९१ | दुपारी ३:४४

काळी. विषय संपला.

---

पेठरोड | सायंकाळी ६:२०

मी दहा वर्षं एचआयव्हीच्या कामात पीअर, म्हणजे समूहातलाच कार्यकर्ता, म्हणून आहे. एक गोष्ट इथे कुणी बोललं नाही. आपल्या समूहासाठी सरकारी पैसा सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत सातत्याने आला तो एड्स नियंत्रणातून. तपासणी, कंडोम, औषधं. त्या पैशाने माणसं जगली, मी स्वतः बघितलीयेत. पण त्या पैशाला आपण फक्त 'जोखमीचा गट' म्हणून दिसतो. माझ्याकडे एक पोरगा आला, हातावर ब्लेडच्या खुणा. त्याची रक्ततपासणी करायला माझ्याकडे किट होतं. त्याच्याशी तासभर बोलणाऱ्या समुपदेशकासाठी हिशेबात खर्चाचं शीर्षच नव्हतं. मीच बसलो त्याच्याशेजारी. आज बरा आहे.

दुसरं म्हणजे परदेशी पैशावर विसंबू नका. याच वर्षाच्या सुरुवातीला अमेरिकेने मदत थांबवली आणि हैदराबाद, कल्याण, पुण्यातली पारलिंगींसाठीची मित्र क्लिनिकं बंद पडली. हैदराबादचं तर २०२१ मध्ये सुरू झालेलं देशातलं अशा प्रकारचं पहिलं. हार्मोनची औषधं घेणारी माणसं एका दिवसात दारात उभी राहिली. आपल्या जिल्हा रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस ओपीडी, तिथे हार्मोनची माहिती असलेला डॉक्टर आणि एक समुपदेशक, एवढं राज्याच्या पैशाने झालं तर कुणाच्या निवडणुकीवर आपली औषधं अवलंबून राहणार नाहीत.

---

झुंबर | सायंकाळी ७:०५

पेठरोडचं खरं आहे. आमच्या पोरी एकमेकींना विचारून इंजेक्शन घेतात. एकीचा पाय सुजला, ती गेली. आयुष्मान टीजी प्लस या तृतीयपंथीयांच्या आरोग्य योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार आहेत असं भाची सांगते. पण त्यालाही आधी प्रमाणपत्र. पुन्हा तेच टेबल.

---

गोदाकाठ | सायंकाळी ७:५०

२०२७ चा सिंहस्थ येतोय, ते विसरू नका. स्वच्छतागृहं, निवारे, पोलीस बंदोबस्त, प्रथमोपचार केंद्रं, सगळ्यासाठी मोठा निधी येणारच आहे. तृतीयपंथी साधूंचा किन्नर आखाडा उज्जैनला २०१६ मध्ये आणि प्रयागराजला २०१९ मध्ये दिसला. आपल्या रामकुंडावरही शेकडो तृतीयपंथी येतील. प्रत्येक घाटावर कुणालाही बिनदिक्कत वापरता येईल असं स्वच्छतागृह आणि ड्यूटीवरच्या पोलिसांना अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण, हे त्याच निधीत बसवून घ्या. मेळा संपल्यावरही शहराला ते राहील. वेगळा एक कोटी मागण्याआधी चालू पैशात आपली जागा करून घ्यायला हवी.

---

सातपूरकर | रात्री ८:१५

गोदाकाठ, पटलं. पण मेळ्यात दर्शनाला आलेल्यांना पाणी-सावली मिळेल आणि सातपूरच्या भाड्याच्या खोलीतून काढलेली पोरगी तशीच राहील, असं होऊ नये.

---

लासलगावचा_शेतकरी | सोमवार, १६ जून, सकाळी ६:५०

काल रात्री सगळं वाचलं. झुंबरताईंचं बायकोलाही वाचून दाखवलं.

वेगळी तरतूद हा शब्द मला अजून खटकतो, खोटं बोलणार नाही. पण एक कळलं. मला कर्ज नाकारलं तर माझी पत बघून नाकारतात, माझ्याकडं बघून नाही. तलाठ्याकडे गेलो तर "ज्याचा सातबारा आहे त्याला पाठवा" असं मला कोणी म्हणत नाही.

बायको बचत गटात आहे, बारा वर्षं. ती म्हणते, या बायांचा गट का नाही करत? पंचवीस-पन्नासच्या हप्त्याने सुरू करायचा, मग बँक दारात येते. आमचे गट सरकारच्या उमेद अभियानातून उभे राहिले. ती यायला तयार आहे हिशेबवही कशी लिहायची ते शिकवायला. झुंबरताई, तिला तुमच्या इथं कोणत्या बसने यावं लागेल ते सांगा.

---

झुंबर | सकाळी ९:३०

वहिनींना सांगा, निमाणीला उतरा, मी घ्यायला येते. जेवूनच जायचं.

---

हिशेबनीस | सकाळी ११:१०

मूळ प्रश्नाकडे येतो. माझं मत बदललं आहे.

झुंबरबाईंची टेबल-खुर्ची धरू. समूहातल्याच चार व्यक्ती: एक जिल्ह्याच्या ठिकाणी, एक मालेगावला, एक नाशिकरोडला, एक फिरती. महिन्याला २५,००० मानधन धरलं तर वर्षाचे १२ लाख. दहा खाटांचं भाड्याचं घर, जेवण, रात्रीची राखण यांना मोकळ्या हाताने ३० लाख. आठवड्याची ओपीडी आणि दोन समुपदेशक १५ लाख. डॉक्टर-पोलिसांचं प्रशिक्षण ५ लाख. बेरीज ६२ लाख. हे माझे अंदाज आहेत, पण एक कोटीत हे सगळं बसतं आणि ३८ लाख उरतात. त्यातून शिष्यवृत्ती द्या.

क्रम मात्र महत्त्वाचा. टेबलावरची ती पोरगी नसेल तर खाट कुणाला माहीत होणार नाही, ओपीडी रिकामी राहील, आणि वर्षअखेरीस "लाभार्थी मिळाले नाहीत" असा शेरा मारून पैसे परत जातील. असे शेरे मी पुष्कळ वाचले आहेत. दर वेळी वाटायचं, लाभार्थी होते, त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

---

नासर्डी | सकाळी ११:२५

त्या टेबलावर प्रमाणपत्र न विचारता बसू देणार असाल तर माझंही मत तिथेच. घाबरलेला सतरा वर्षांचा मुलगा कोणत्या योजनेचा लाभार्थी आहे, हे त्याला कुठे माहीत असतं?

---

कलम_एकवीस | दुपारी १२:४०

आता कामाचं. लोकशाही दिनाला निवेदन द्यावं असं काहींनी मला खासगीत सुचवलं. तिथे वैयक्तिक गाऱ्हाणं चालतं, निधीची मागणी नाही. ही मागणी जिल्हा नियोजन समितीकडे जायला हवी. पालकमंत्री अध्यक्ष, जिल्हाधिकारी सदस्य-सचिव. तिथे नावीन्यपूर्ण योजनांचं शीर्ष असतं, त्यातून सुरुवात होऊ शकते. प्रस्ताव समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांमार्फत गेला तर वजन येईल. मसुदा मी लिहितो. हिशेबनीस, तुमचा तक्ता मला पाठवा. पेठरोड, ओपीडीचा भाग तुम्ही.

झुंबरमावशींच्या अडलेल्या दाखल्यांसारखी प्रकरणं मात्र लोकशाही दिनाला नक्की नेऊ. तशी कुणाची असतील तर कळवा, फी नाही.

---

अबोली | रात्री ९:०५

मी खाटेवर अडून बसले होते. आज जेवताना बहिणीला सगळा धागा वाचून दाखवला आणि विचारलं, त्या रात्री तुला काय हवं होतं? मला वाटलं होतं, ती म्हणेल झोपायला जागा.

ती म्हणाली, "एक फोन नंबर. कुणाचा तरी, जो उचलेल."

वकीलदादा, प्रस्तावात टेबलाबरोबर चोवीस तास चालू राहणारा फोनही घाला. झुंबरमावशी, ती शिकलेली पोरगी आहे ना तुमची, माझ्या बहिणीला तिला भेटायचंय. रविवारी तिला सुट्टी असते.

---

झुंबर | रात्री ९:२०

रविवारी या दोघी. लासलगावच्या वहिनी पण त्याच दिवशी येतायत. पंचवटी एक्सप्रेसला सांगा मिसळ घेऊन ये, काळी.